कट चुकलेल्यांची नावेही छापा

महोदय,

मी येरवड्याचा. एका व्यावसायिक गोल्फरचा कॅडी, म्हणजे मैदानावर त्याची पिशवी वाहणारा मदतनीस, म्हणून चंदीगड, जमशेदपूर, दिग्बोई असा हिंडतो. आपल्या क्रीडा पानावर गोल्फ येतो तो करंडक हातात घेतलेल्या विजेत्यापुरता. बाकीचे कुठे आहेत, कसे खेळले, याचा पत्ताच नसतो.

स्पर्धा चार फेऱ्यांची असली तरी ३६ होलनंतर, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर, कट लागतो: वरचे खेळाडू पुढे खेळतात, बाकीचे बाहेर. तो चुकला की बक्षिसाचा एक रुपयाही नाही. प्रवास, हॉटेल, प्रवेश फी, माझा मेहनताना, सगळे खेळाडूच्या खिशातून. आमच्या खेळाडूने गेल्या मोसमात स्विंग, म्हणजे फटका मारण्याची ढब, बदलायला घेतला. सरावात चेंडू सरळ जातो. स्पर्धेचे गुणांचे कार्ड हातात आले, की जुनी सवय उसळी मारते आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत. तरी संध्याकाळी तो ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवतो आणि त्यांच्या मधून पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, नेत राहतो, अंधार पडेपर्यंत. एवढ्या चिकाटीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर, क्रमवारीत राखीव होता म्हणून. तिथवर नाव टिकवायला किती आठवडे खेळावे लागते! हे वाचकांना कळायला हवे.

माझी विनंती एवढीच: स्पर्धा असेल त्या आठवड्यात महाराष्ट्राच्या सर्व खेळाडूंचे गुण छापा, कट चुकलेल्यांचेही. प्रायोजकाकडे जाताना ते कात्रण फार उपयोगी पडते.

– एक कॅडी, पुणे