भाड्याच्या घरापुढची बाग लावून देणाऱ्या माळीकाकांना

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

झाडांची यादी वाचण्याआधी तुम्ही विचारलेत, "पाणी कोण घालणार?" पहिले आभार त्या प्रश्नाचे. एक भाडेकरू रोज बादली ओततो, दुसऱ्याला झाडांची आठवणच नसते आणि मधले काही आठवडे घराला कुलूप. म्हणजे कमी पाण्यावर जगणारे झाड पुरत नाही, जास्तीचे पाणीही त्याला सोसायला हवे. वाफ्यात स्नेक प्लांट तुम्ही लावू दिला नाहीत तो याचसाठी. पाणी साचले की त्याचे जमिनीतले खोड कुजते आणि पान मऊ पडून कलंडेपर्यंत पत्ता लागत नाही. तो सावलीत, तळाला भोके असलेल्या कुंडीत गेला.

वाफ्यात दोनच जाती: मागे बुटकी तगर, पुढे स्पायडर लिली. दोघी जास्तीची ओल आणि पाण्याचा ताण, दोन्ही निभावून नेतात. दोन तगरींत दोन फूट अंतर सोडलेत तेव्हा वाफा ओकाबोका दिसला खरा. पण दाट लावले असते तर पुढे दर महिन्याला कात्री चालवावी लागली असती. बोगनवेल उन्हाच्या कोपऱ्यात, जिथे नळाचा पाइप पोचत नाही. पाणी आणि नत्र (नायट्रोजनचे खत) जास्त झाले की ती नुसती पानांनी माजते.

यादीतली कण्हेर तुम्ही खोडलीत, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आणि घरात लहान मुले येणार की नाही हे आपल्या हातात नाही. लिलीचा कंदही पोटात जाऊ द्यायचा नाही, हे भाडेकरूला सांगायची आठवण केलीत. फायकस, म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातले झाड, मुळे शिरू नयेत म्हणून गटाराच्या पाइपपासून लांब ठेवावे लागते, म्हणून तेही बादच. लॉनवर चर्चाच नको.

लावणी मात्र शिकण्यासारखी होती. पिशवी फाडल्यावर मुळे स्प्रिंगसारखी गोल फिरलेली दिसली. तुम्ही ब्लेडने तीन बाजूंना उभ्या चिरा दिल्यात. नाहीतर मुळे तशीच फिरत राहतात, बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गड्ड्याइतकीच, कारण खोड मातीत गाडले की कुजते. वर पालापाचोळ्याचा दोन-अडीच इंच थर, खोडापासून चार बोटे लांब. खडीखाली प्लास्टिक अंथरायचा आमचा हट्ट मोडलात तेही बरे झाले. त्यातून पाणी मुरत नाही आणि खडीत धूळ साचून तण वरच उगवते.

पहिले वर्ष या झाडांनाही पाणी लागते, म्हणून नळाशेजारी चिठ्ठी लावली आहे: बोट दोन इंच मातीत घाला, कोरडे लागले तरच पाणी, आणि घालाल तेव्हा भरपूर.

बोगनवेलीचा बहर ओसरला की छाटणीला तुम्हीच या. फुले नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे छाटणी टाळता येणार नाही.

आपले,
घरमालक