गच्चीवरची बाग मोडू नकोस, आई

लाइपझिग,
१२ मे

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, माणसांनी प्यायचं की झाडांना घालायचं? या उन्हाळ्यात गच्चीवरचं सगळं काढून टाकते." मागून दादाचा आवाज आला, "मी केव्हापासून सांगतोय." मी तेव्हा काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यापासून डोक्यातून जात नाहीये. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनींना सांग, हे कागदावर छापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला लावा.

पाणी आधी माणसांना, याबद्दल वाद नाही. बेचाळीस अंशांत तू बादल्या घेऊन जिना चढावास, हे तर मला मुळीच नको. पण बाग मोडू नकोस, आवरती घे. उन्हाळ्यात ती चार-सहा कुंड्यांवर आली तरी चालेल, मृगात पुन्हा वाढवता येते. एकदा सगळ्या कुंड्या रिकाम्या करून भंगारात दिल्यास की जूनमध्ये तू पुन्हा मांडणार नाहीस, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आधी काय जाऊ द्यायचं ते सांगते. टोमॅटो काढून टाक. फुलं येतात आणि गळतात म्हणून तू खत घालत बसली आहेस, पण तो खताचा दोष नाही. दिवसा पस्तीसच्या वर पारा गेला आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. सोलापुरात मे महिन्यात त्याला पाणी घालणं म्हणजे पाणी वाया घालवणं. मेथी, पालक, कोथिंबिरीचा नाद आता नको, मंडईतून पेंडी आणायची. वांग्याची झाडं मात्र उपटू नकोस. हातभर ठेवून वरून छाट आणि सावलीत सरकव, पावसाची चाहूल लागली की ती खालून फुटतात. मिरचीचंही तसंच.

ठेवायचं काय, तर कढीपत्ता, पुदिना, गवार, भेंडीची दोन-तीन झाडं आणि एकच दुधीचा वेल. दारातला शेवगा जमिनीत आहे, त्याचं तो बघून घेईल.

आता जागेचं. दादा म्हणतो, कुंड्या पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला ठेवू, तिथे सावली असते. डिसेंबरात असते, आता नाही. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, म्हणजे हेच दिवस. अंगणात काठी उभी केली तर तिची सावली दिसतच नाही. त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. तेव्हा कुंड्या टाकीच्या पूर्वेला ठेवा. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दोननंतर, जेव्हा खरं भाजतं, तेव्हा टाकीची सावली पडेल. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, मोठ्या बाहेरून आणि लहान मध्ये. खाली विटा घालायच्या, कारण स्लॅब तापला की बुडापासून मुळं शिजतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळ किंवा बाहेरून चुना लाव. माळ्यावर ती विरलेली जुनी चादर आहे ना, चौकडीची, तिचा पश्चिमेकडून पडदा करा. वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरे. बांधताना दक्षिणेकडची गच्ची मोकळी ठेवायला सांग, नाहीतर तुझ्या कुरडयांना ऊन मिळणार नाही आणि मग त्या जाळीचं काही खरं नाही.

इथे जर्मनीत सगळं याच्या उलट आहे. माझी भाड्याची बाग आहे तिथे लोक टोमॅटोला घराची दक्षिणेची भिंत शोधतात, कारण तिथे ऊब जास्त. आणि जाळीऐवजी वर छप्पर घालतात ते पावसासाठी, पानं ओली राहिली की करपा येतो. आजसुद्धा माझी टोमॅटोची रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आहेत. ११ ते १५ मे हे इथले हिमसंतांचे दिवस, म्हणजे संतांच्या नावाचे, उशिराच्या थंडीचे. त्यांतली १५ तारखेची संत सोफी गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावायचं नाही, असं शेजारच्या प्लॉटमधल्या आजी मला दरवर्षी बजावतात. आपल्याकडे रोहिणी-मृगाचा हिशेब जितका पक्का, तितकाच त्यांचा हा.

बाबांनी विचारलं होतं, शहरात एवढी जागा भाड्याने कशी मिळते? बाबा, ही पद्धत याच गावातली. १८६४ मध्ये लाइपझिगमध्ये श्रेबर नावाच्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ एक संघ निघाला. मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून सुरुवात झाली, पुढे मैदानाच्या कडेला भाजीचे वाफे आले. आता देशभर अशा बागा आहेत आणि त्यांना १९८३ चा कायदा लागू आहे. प्लॉट चारशे चौरस मीटरहून मोठा नसावा असा दंडक आहे, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावाव्याच लागतात. नुसती हिरवळ करून खुर्ची टाकून बसलं तर संघाचे लोक येऊन विचारतात. मला हा नियम फार आवडतो. पाणी म्हणाल तर प्रत्येक प्लॉटवरच्या झोपडीच्या पन्हाळीखाली पिंप असतं, पावसाचं पाणी त्यात जमतं, आम्ही आधी तेच वापरतो.

आई, आता पाण्याकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. मोठ्या कुंडीला या उन्हात रोज लिटर-दीड लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं वरच्या वरच उडून जातं. ते थांबवायला तुझ्याकडे शेंगांची टरफलं आहेत. चटणीसाठी तू एवढ्या शेंगा फोडतेस आणि टरफलं घंटागाडीत देतेस! ती कुंडीत मातीवर दोन बोटं जाड पसर. माती झाकलेली राहिली की ओल टिकते, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांचंच खत व्हायला लागतं.

दुसरं, कुंभाराकडून लहान गाडगी आणायची. रंग दिलेली नकोत, साधी पाझरणारी. मोठ्या कुंडीत किंवा ड्रममध्ये गाडगं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि तोंडावर पणती झाकायची. माठ बाहेरून ओला होतो तसं ते मातीत हळूहळू झिरपतं आणि मुळं आपसूक तिकडे वळतात. वरून पाट सोडायची गरज नाही. नळ येईल त्या दिवशी गाडगी गच्च भरून ठेव, मधे एकदा तांदळाचं, भाजी धुतल्याचं पाणी घाल. दुधीचा वेल ज्या ड्रममध्ये आहे तिथे दोन गाडगी लागतील, पानं मोठी असल्यामुळे तो पाणी फार पितो. म्हणूनच म्हटलं, एकच वेल.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नकोस. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आपलं बोअरचं पाणी मुळातच जड, त्यात हे घातलं तर माती पांढरी पडते आणि पानांच्या कडा जळतात. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच, ते फरशी पुसायला घ्या.

दुधीबद्दल तू म्हणालीस, बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात. त्यावर औषध मारू नकोस. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग त्याचं काम करतात. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर ते येत नसतील. दिवेलागणीनंतर तुम्ही अंथरुणं पसरायला वर जाताच, तेव्हा बॅटरी घेऊन बघ. ज्या फुलाच्या मागे इवलासा लव असलेला दुधी असतो ते मादी फूल, नुसत्या लांब देठावरचं ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी देठ जाड होऊन दुधी खाली वळला की समजायचं, धरला.

भेंडीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके दिसले तर पान उलटून बघ. कोरड्या हवेत लाल कोळी होतो. पहाटे पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा मार, तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते. आजीच्या वालाच्या घेवड्याचं बी, मंगळवेढ्याकडून आणलेलं, आता फक्त तुझ्या गच्चीवर आहे. काकूंनी लावणं सोडलं, गावाकडचं शेत गेलं. मी इथे लावीन म्हटलं तर तसं बी आणता येत नाही, युरोपात वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय बियाणं आत घेत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. तेव्हा पोस्टाने पाठवायचा विचार करू नकोस. मंडईत मिळणाऱ्या घेवड्याला ती चव नाही, हे तूच म्हणतेस. डबीत राखेत ठेवलेलं बी दर वर्षी जुनं होत जातं, ते मातीत गेलंच पाहिजे. म्हणून निदान तीन मोठ्या कुंड्यांची माती राखून ठेव. रिकाम्या असल्या तरी टरफलांनी झाकायच्या, अधूनमधून ओलावायच्या, शेणखत मिसळून ठेवायचं. आणि मृगाच्या पहिल्या सरीला सगळं बी टाकू नकोस, अर्धं मागे ठेव. आपल्याकडे जूनचा पाऊस हूल देतो, सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरचा.

कुरडयांसाठी गहू भिजत घातलेस का? चीक खायला मी नाही याचं फार वाईट वाटतं. पहाटे घालून नऊच्या आत खाली या, राखण पोरं करतील. बाबा, ताक आणि पन्हं दोन्ही चालू ठेवा, दुपारी बँकेची कामं काढू नका. वहिनींना सांग, चटणीचं पाकीट संपत आलंय, इकडे येणारं कोणी भेटलं तर द्या.

दादाला रविवारी जाळी बांधायला लाव. आणि टाकीच्या पूर्वेकडच्या बाजूचा दुपारी तीनचा फोटो पाठवा, सावली कुठवर येते ते मला बघायचंय. फोटो दादाने काढायचा. तू त्या वेळी वर जायचं नाहीस.

तुझी लेक