केशरी टोपणाची सिरिंज

प्रिय सुन्या,

चार महिने पत्र नाही, फोनवर नुसतं ‘नंतर बोलतो’. चिडला असशील. तब्येत ठीक, पाठीचं दुखणं थांबलं. पण गेल्या मंगळवारी ओपीडीत जे दिसलं ते तुलाच सांगायला हवं. मावशीची साखर एकदम उतरली ती रात्र आपण दोघांनीच काढली आहे.

साठी ओलांडलेल्या आजी, मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) अकराच्या आसपास. केसपेपरवर तीन हस्ताक्षरं. प्रीमिक्स ३०/७०, म्हणजे मिश्र इन्सुलिन, सकाळी १६ युनिट, मग २४, मग ३२. तिघांनीही साखर बघितली आणि डोस वाढवला. आजींना म्हटलं, ‘घरी घेता तशी भरून दाखवा.’ पिशवीतून निघाली केशरी टोपणाची सिरिंज. बाटली ४० युनिट प्रति मिलीची, तिला लाल टोपणाची लागते. केशरी असते १०० ची. केशरीवर ३२ ची रेघ म्हणजे ०.३२ मिली, म्हणजे पोटात गेले जेमतेम १३ युनिट. मेडिकलमध्ये लाल संपली होती, म्हणून केशरी मिळाली.

खरा धोका यापुढे होता. लाल सिरिंज हातात देऊन कागदावर ३२ तसेच ठेवले असते, तर दुसऱ्या दिवशी अडीचपट इन्सुलिन गेलं असतं आणि दुपारी साखर उतरून आजी घामाघूम होऊन पडल्या असत्या. पोट तपासलं तर बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. एकाच जागी टोचत राहिलं की अशी गाठ येते, तिथं दुखत नाही म्हणून पेशंट पुन्हा तिथंच टोचतो, आणि इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी नाही. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलं की डोस आणखी कमी पुरतो. म्हणून १३ ऐवजी १० वर आणले, लाल सिरिंज दिली, दर वेळी बोटभर जागा सरकवायला शिकवलं. बाटली जोरात हलवायची नाही, दोन तळव्यांत वीसेक वेळा फिरवायची, सगळं दुधासारखं एकसारखं होईपर्यंत. घरी फ्रीज नाही. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मडक्यात. खिशात कायम साखरेची पुडी.

उलटी चूक याहून वाईट. पेनच्या १०० युनिटवाल्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजनं २० ची रेघ ओढली तर ५० युनिट जातात. मावशीचं असंच झालं असावं, असं आता वाटतं. त्या रात्री आपण ग्लुकोज चढवलं, साखर वर आली, आणि सिरिंज बघायची राहून गेली.

माझी काळजी वेगळीच आहे रे. पुढच्या महिन्यात माझं पोस्टिंग बालरोगला. फॅमिली मेडिसिनच्या डीएनबीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची, तीन वर्षं अशीच जातात: मेडिसिन, प्रसूती, सर्जरी, कॅज्युअल्टी, प्रत्येक विभागात काही आठवडे. टाके, प्रसूती, सलाइन, सगळं लॉगबुकात येतं. तोच पेशंट पुन्हा किती वेळा भेटला, याला आमच्या लॉगबुकात रकाना नाही. त्या तीन हस्ताक्षरांतला एकही आळशी नव्हता. प्रत्येकाला आजी एकदाच दिसल्या, इतकंच. आपण लिहिलेल्या डोसचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय फॅमिली मेडिसिन कसं शिकायचं?

हॉस्टेलच्या गच्चीवर तू म्हणाला होतास, ‘जीपी व्हायला तीन वर्षं कशाला?’ तेव्हा मी भांडलो आणि दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. हाडवैद्या, तुझं उत्तर आज देतो: पिशवी उघडायला सांगायचं हे शिकायला वेळ लागतो, आणि त्यासाठी पेशंट परत यावा लागतो.

सरांकडे मागणी केली आहे की पोस्टिंग कुठंही असो, बुधवारची दुपार माझ्या जुन्या पेशंटांसाठी राखून द्या. सर तयार आहेत, पण बालरोगच्या वॉर्डात तेवढा वेळ कोण उभं राहील, यावर गाडं अडलंय. मी बदल्यात रविवारची सकाळ देऊ केली आहे. तोवर दोनशे पानी वही घातली आहे: नाव, पुढची तारीख, आणि त्या दिवशी विचारायचा एकच प्रश्न. आजींच्या नावापुढं लिहिलंय, ‘टोपण कोणतं?’ तीन दिवसांनी त्या साखर दाखवायला आल्या, उपाशीपोटी २१०. जास्त आहे, पण आता निदान पोटात किती जातंय ते माहीत आहे. हळूहळू वाढवू.

तुझं काय? क्लिनिकचं कर्ज मंजूर झालं का? चिनूला दात आले म्हणे, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

आणि मावशीकडे गेलास की तिचा इन्सुलिनचा डबा उघड. बाटली आहे की पेन, आणि सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं, तेवढं त्याच दिवशी फोन करून सांग. ड्युटीवर असलो तरी उचलीन.

तुझाच,
पक्या