तंत्रनिकेतनात पोचलेली आमची पोरं तिथं टिकावीत म्हणून : मदतीचं आवाहन

सर्वांना जोहार, जय भीम आणि नमस्कार.

दहावीचा निकाल लागला. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या आश्रमशाळांमधून याही वर्षी पोरं-पोरी पास झाली आहेत. त्यांतली काही जण नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिककडच्या तंत्रनिकेतनांत डिप्लोमाला अर्ज भरत आहेत. आम्ही याच भागातले, काही वर्षांपूर्वी याच वाटेनं गेलेले माजी विद्यार्थी. कोणी वीज कंपनीत आहे, कोणी एमआयडीसीत सुपरवायझर, कोणी साइटवर, दोघं-तिघं आय.टी.आय.त शिकवतात. आमची ही छोटी समिती एकाच कामासाठी उभी राहिली : प्रवेश मिळालेलं पोर तीन वर्षं टिकावं आणि डिप्लोमा हातात घेऊनच घरी जावं.

प्रवेश मिळतो. राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के, अनुसूचित जातींना 13 टक्के, विमुक्त-भटक्यांना त्यांच्या त्यांच्या प्रवर्गाप्रमाणे जागा आहेत आणि त्या हक्काच्या आहेत. आमची धास्ती त्यानंतरच्या दिवसांची असते. ऑगस्टात वर्ग सुरू होतात आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेलं एखादं पोर परत येतच नाही. विचारलं तर घरचे सांगतात, "नाही जमलं त्याला." हा शब्द आम्हाला फार लागतो. जमलं नाही असं नसतं. काय काय आडवं आलं ते कोणी बघितलेलंच नसतं, म्हणून ते इथं सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात राहण्यापासून होते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण प्रवेश गुणवत्ता यादीनं होतो आणि यादी लागेपर्यंत कॉलेज सुरू झालेलं असतं. मधले चार-सहा आठवडे पोर कुठं राहणार? धडगावहून घाट उतरून रोज एस.टी.नं येणं-जाणं होत नाही. मग खोली शोधायची. घरमालक आडनाव विचारतो. पावरा, वसावे, वळवी, पाडवी ऐकलं की "खोली आत्ताच गेली" असं उत्तर मिळतं, आणि दाराला लावलेली भाड्याची पाटी दुसऱ्या दिवशी तिथंच असते. 2011 च्या जनगणनेनुसार ज्या नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले जवळपास 69 लोक आदिवासी आहेत, तिथं हे घडतं. वसतिगृहात जागा मिळाली तरी जेवणाचं दुखणं असतंच. 2018 मध्ये शहरांतल्या वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं ठरलं, तेव्हा त्याविरोधात पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. हप्ता लांबला की पोराच्या ताटात काय येतं, हे आम्ही आमच्या खोलीवर बघितलं आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि डिप्लोमाला गेल्या दिवसापासून इंग्रजी. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोरगा आला होता. पहिल्या चाचणीत अप्लाइड सायन्समध्ये त्याला दोन मार्क पडले. आम्ही त्याला ओहमचा नियम विचारला, तर त्यानं आकृती काढून, विभवांतर आणि रोध लिहून, गणित सोडवून दाखवलं. वर्गात 'पोटेन्शियल डिफरन्स' म्हणतात ते आपलं विभवांतरच, एवढं एक वाक्य त्याला महिनाभरात कोणी सांगितलं नव्हतं. 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' म्हणजे अपवर्तनांक, 'फोकल लेंथ' म्हणजे नाभीय अंतर. त्या रात्री आम्ही एक वही घातली. डाव्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, तोही देवनागरीत, आणि जिथं सुचेल तिथं खाली पावरी. ती वही आता चार वह्यांची झाली आहे. तंत्रशिक्षण मंडळानं मराठी-इंग्रजी मिश्र शिकवण्याची वाट मोकळी केली आहे, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण ती वाट वर्गातल्या फळ्यापर्यंत पोचवणारा माणूस लागतो.

तो पोरगा पास झाला. यंदा त्याचं तिसरं वर्ष आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. बाहेरच्यांना तिची कल्पना सहसा नसते. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षण घ्यायचं तर आज ना उद्या जात वैधता प्रमाणपत्र लागतंच. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल तर त्याशिवाय पान हलत नाही. अनुसूचित जमातीच्या मुलाकडे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातीच्या मुलाकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. ज्याचे आजोबा-पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यानं शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? मग तहसिलात जाऊन गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. पानं जीर्ण, लिहिणं कधी मोडी लिपीत, नावांची स्पेलिंगं दर दोन ओळींनी वेगळी. नर्मदाकाठच्या गावांतली काही कुटुंबं सरदार सरोवराच्या पाण्यामुळं उठून तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली, त्यांची तर जुनी दप्तरं आणि आजचा पत्ता एकमेकांशी जुळवण्यातच महिने जातात. हे सगळं सोळा वर्षांच्या पोरानं एकट्यानं करायचं असतं, कारण दिवाळी झाली की मायबाप ऊसतोडीला गुजरातकडे गेलेले असतात. उत्पन्नाच्या दाखल्यावर सही करायला घरी कोणी नसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन 'त्रुटी'त पडतो आणि तसाच पडून राहतो.

आमच्यातले एक निवृत्त तलाठी भाऊ या कामात आहेत. मोडी वाचता येणारा आणखी एक माणूस मिळाला तर फार मोठं काम होईल. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर कळवा.

आता जे लिहायला जड जातं ते. मी स्वतः, म्हणजे हे पत्र लिहिणारा, इलेक्ट्रिकल डिप्लोमाला होतो. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना सर वर्गात आले आणि म्हणाले, "एस.टी.वाले उभे राहा." आम्ही अनुसूचित जमातीचे तिघं उभे राहिलो. सरांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही, त्यांना फॉर्म वाटून मोकळं व्हायचं होतं. पण त्या दिवसापर्यंत मी वर्कशॉपमध्ये ज्याच्यासोबत जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, घासत होतो, त्यानं दुसऱ्या दिवशी बॅच बदलून घेतली. त्यानंतर कोणीही ओळख करून घेताना नाव विचारायच्या आधी टक्के विचारायचा. तोंडी परीक्षेत मी गप्प बसायला लागलो, येत असूनही. शेवटच्या सेमिस्टरला एका लॅब असिस्टंट मॅडमनी मला बाजूला घेऊन "तुझं वायरिंग वर्गात सगळ्यांत स्वच्छ असतं" असं सांगितलं, तेव्हा दोन वर्षांनी मला पुन्हा बोलता आलं.

पोरांना तोडायला मारहाण किंवा शिवीगाळच लागते असं नाही. आपल्याच खानदेशातली, तडवी भिल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत पुढचं वैद्यकीय शिक्षण घेत होती. मे 2019 मध्ये ती गेली. जातीवरून छळ झाल्याची घरच्यांची तक्रार आहे. त्याच वर्षी तिच्या आईनं आणि 2016 मध्ये गेलेल्या, हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आईनं मिळून सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, शिक्षणसंस्थांमधला भेदभाव थांबवणारी यंत्रणा कागदावरून खाली यावी म्हणून. आमच्या गावांतल्या आया पोरांना शहरात पाठवताना ही नावं काढतात.

म्हणून आमची शिक्षकांना आणि प्राचार्यांना हात जोडून एक विनंती आहे, तिला एक रुपयाही लागत नाही. प्रवर्ग वर्गात मोठ्यानं वाचू नका. शिष्यवृत्तीची सूचना फक्त रोल नंबर टाकून लावा किंवा मुलाला ऑफिसात बोलावून सांगा. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी आणि काठी गावच्या होळीसाठी पोर गावाला गेलं तर ते दांडी मारायला गेलेलं नाही, आमच्याकडे वर्ष त्या होळीभोवती फिरतं. चाचणीची तारीख लावताना एवढं ध्यानात घ्या. आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला धरून तुमच्या संस्थेत अनुसूचित जाती-जमाती समिती असणं मान्यतेच्या अटींतलंच आहे. ती असेल तर तिच्यात कोण आहे, तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्या आठवड्यात मुलांना तोंडी सांगा. फलकावरचा तो कागद आमची पोरं वाचत नाहीत, घाबरतात.

आता मदतीचं.

सर्वांत आधी खोली हवी आहे. सध्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत 11 मुलं राहतात. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबरात आणखी मुलं येतील. मुलींसाठी वेगळी जागा आमच्याकडे अजूनही नाही, त्यामुळं मेकॅनिकल किंवा सिव्हिलला जायला निघालेल्या पोरीला घरचे परत ओढतात आणि गावाजवळच्या कला शाखेत घालतात. ज्या घरात आजी-आजोबा किंवा कुटुंब राहतं, तिथं वरची एखादी खोली दोन-तीन मुलींसाठी मिळाली तर भाडं आम्ही वेळेवर देऊ, पहिल्या महिन्याचं आगाऊ देऊ. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. डोक्यावर छप्पर नसेल तर शाळेची फी माफ करून उपयोग नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आम्हाला दोनच खोल्या मागायच्या आहेत.

मग साहित्य. पहिल्या वर्षाच्या मुलाला आकृत्यांच्या रेघा आखायचा मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट आणि ती ठेवायची नळी, सेटस्क्वेअर, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, चामडी बूट आणि लॅब मॅन्युअल लागतात. सगळं नवीन घेतलं तर एका मुलामागे साधारण 3,000 रुपये होतात. पण तुमच्या माळ्यावर ड्राफ्टर पडलेला असेलच. डिप्लोमा झाल्यावर त्याला कोणी हात लावत नाही. स्क्रू ढिला झाला असेल तरी द्या, आमच्याकडे दुरुस्त करणारे आहेत. कॅल्क्युलेटर चालू हवा, बाकी रंग उडालेला चालेल. जुनी पाठ्यपुस्तकं आणताना अभ्यासक्रम बदलला आहे का ते एकदा विचारून घ्या, म्हणजे ओझं वाया जाणार नाही.

रोख मदत ज्यांना द्यायची आहे त्यांनी समितीच्या सदस्याकडे प्रत्यक्ष द्यावी आणि छापील पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोलीचं भाडं, धान्य, प्रवास आणि झेरॉक्स या चारच खात्यांत पैसा खर्च होतो. हिशेबाची वही खोलीच्या दाराशी खुंटीला टांगलेली असते, कोणीही येऊन बघावी. फोटो मात्र मागू नका. मदत घेणाऱ्या मुलांचे फोटो आम्ही कुणालाच पाठवत नाही. वर्गात एकदा उभं केलेलं पुरे झालं.

पैसा नसेल त्यांच्याकडून आम्हाला वेळ हवा आहे. गणित, अप्लाइड सायन्स आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स हे तीन विषय पहिल्या वर्षी पोरांना अडवतात. विषय राहिले की के.टी., म्हणजे ते मागं ठेवून पुढच्या वर्गात, जास्त राहिले की वायडी, म्हणजे वर्षच वाया, आणि वायडी लागला की शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडकतं, मग पोर ऊसतोडीच्या गाडीत बसतं. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आमचा वर्ग चालतो. महिन्यातून एक रविवार दिलात तरी चालेल. मराठीतून शिकवा. चुकलेल्या पोराला हसू नका, एवढी एकच अट.

कारखानदार आणि ठेकेदार मंडळींना वेगळं सांगायचं आहे. डिप्लोमाला औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि ते मिळतं ओळखीनं. आमच्या पोरांना एमआयडीसीत ओळखणारं कोणी नसतं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, सरकारला दिलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, तशाच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपांत शिकाऊ जागाही मागितल्या. 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली, 1948 पासून ती आदिवासी मुलांनाही मिळू लागली. मी तिच्यावरच शिकलो. शिकाऊ जागेची मागणी मात्र आजही दारोदार जाऊन करावी लागते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद आहे. तुमच्या युनिटमध्ये एक मुलगा, एक मुलगी सहा आठवडे घ्या. पहिल्या आठवड्यात त्यांना झाडू देऊ नका, मल्टिमीटर द्या.

मागच्या वर्षी शहाद्याच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांनी आमचा एक पोरगा असाच ठेवून घेतला. महिनाभरानं ते स्वतः खोलीवर आले आणि म्हणाले, "अजून एक असेल तर द्या." आम्हाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी.

प्रवेशाच्या फेऱ्या जुलैत संपतील. पहिली ड्रॉइंग शीट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जमा करायची असते, त्याआधी प्रत्येकाच्या हातात ड्राफ्टर पोचला पाहिजे. रविवारी सकाळी नऊनंतर खोली उघडी असते. ड्राफ्टर कापडात गुंडाळून आणा, पट्टीच्या कडांना ओरखडा पडला की रेघ सरळ येत नाही.

आपले,
समितीचे सर्व माजी विद्यार्थी