साडेसात रुपये आणि २११ पौंड

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मेधा,

फराळाच्या फोटोला नुसता अंगठा दाखवला, तेव्हापासून तुला तोंड चुकवतेय. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बरी. झालं तब्येतीचं.

तर, आयकर खात्याचा मेसेज आलाय. धमकी नाही, परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारा, एवढंच. कंपनीचे अमेरिकन शेअर मी दाखवलेत. विसरले ते इंग्लंडमधलं, लीड्सचं बँक खातं. शिल्लक २११ पौंड! इथे कुणाला सांगावं तर हसतात. तू हसणार नाहीस, मेसच्या साडेसात रुपयांसाठी आठवडाभर अबोला धरणारी बाई तू. (ते तुझ्याकडेच होते, हे माझं अजूनही म्हणणं आहे.)

भीती अशी. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल, तर ती न दाखवल्याचा १० लाखांचा दंड होत नाही. पण ही सूट बेरजेवर आहे, एकेका खात्यावर नाही. माझे शेअर धरले की बेरीज वर जाते, आणि २११ पौंडही दंडाच्या तावडीत येतात. शिवाय दंड माफ असला तरी दाखवणं माफ नाही, हे लोक सोयीस्कर विसरतात.

सुधारित रिटर्न म्हणजे पुरवणी नव्हे. जुन्याचा पावती क्रमांक आणि तारीख टाकून अख्खं रिटर्न नव्याने भरायचं, आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. खातं शेड्यूल एफएच्या (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा भाग) ए१ तक्त्यात जातं: बँकेचा पत्ता, खातं उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, व्याज. मोठी शिल्लक ज्या दिवशी होती त्या दिवशीच्या स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) रुपये करायचे, अखेरची शिल्लक ३१ डिसेंबरच्या रेटने. त्या दिवशी बँक बंद असेल तर आधीच्या दिवसाचा रेट घेतात.

घोळ वर्षांचा आहे. या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबर २०२४ मागतं, पण व्याजावरचा कर एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा. आणि तुमची इंग्लिश बँक व्याजाचा दाखला देते ६ एप्रिल ते ५ एप्रिल असा! एकाच व्याजाचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. ते जुळत नाहीत म्हणून कुणी 'जुळवून' घेतलं की तिथेच फसतं. न जुळणं हेच बरोबर. तिकडे व्याजातून कर कापलेलाच नाही, त्यामुळे त्यासाठी फॉर्म ६७ नाही (परदेशात भरलेला कर इथल्या करातून वजा मागायचा, म्हणजे क्रेडिटचा, फॉर्म).

फॉर्म ६७ वरून आठवलं, बंट्याला सांग. त्याच्या हिंजवडीच्या कंपनीनेही शेअर दिलेत ना? ब्रोकरकडून फॉर्म १०४२-एस (लाभांशातून कापलेल्या अमेरिकन कराचा दाखला) घे म्हणावं आणि कराच्या दराचा रकाना ३बी बघ. तिथे २५ टक्के हवं. ३० दिसलं तर डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेचे रहिवासी नाही, असं सांगणारा फॉर्म) भरलेला नाही किंवा त्याची मुदत संपलीय, आणि वरच्या ५ टक्क्यांचं क्रेडिट आपल्याकडे मिळत नाही. ४०० डॉलर लाभांशावर १०० तिकडे गेले आणि तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर इथला कर सेससकट १२४.८०, म्हणजे फक्त २४.८० भरायचे. २० च्या टप्प्यात इथला कर ८३.२०. तेवढंच क्रेडिट, उरलेले १६.८० गंगार्पण. तोही फॉर्म कॅलेंडर वर्षाचा असतो, जानेवारी ते मार्चचा लाभांश वेगळा काढावा लागतो. आणि शेअर जितक्या वेळा व्हेस्ट झाले, म्हणजे नावावर जमा झाले, तितक्या ओळी शेड्यूल एफएच्या ए३ तक्त्यात. सगळे एका ओळीत कोंबायचे नाहीत. बंट्या कोंबणार, लिहून घे.

तुझं काय? नवी नोकरी लागली का? पोरगी मराठी बोलते का? तुझ्या एनआरओ ठेवीच्या (अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांचं खातं) व्याजावर इथली बँक ३१.२ टक्के कापतेय. तिकडच्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला आणि ऑनलाइन फॉर्म १०एफ दिलास तर दोन देशांतल्या कर-करारामुळे १५. तुझ्या तिकडच्या रिटर्नमध्येही क्रेडिट १५ पर्यंतच मिळेल, वरचे पैसे इथे रिटर्न भरूनच परत घ्यायचे. एनआरई खात्याचं (तिकडून पाठवलेल्या पैशांचं) व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे नाही, ते दाखव. तिकडच्या रिटर्नची ३१ जानेवारी चुकवू नकोस, एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंड.

आता काम. त्या खात्याची पत्रं अजून तुझ्याच पत्त्यावर येतात. कपाटावर टाकली असशील, मला माहितीये. जानेवारी २०२४ ते मार्च २०२५, अशी पंधरा महिन्यांची स्टेटमेंटं फोडून सगळ्या पानांचे फोटो पाठव, कोरी पानंही. २५ तारखेच्या आत. नंतर तुमच्याकडे सगळे सुट्टीवर जातात, तूसुद्धा.

पाठवलीस तर साडेसात रुपयांचा विषय काढणार नाही. या वर्षी तरी.

तुझी,
शुभा