बर्फाच्या फोटोशेजारी सायलेन्सरबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मनाली आणि अटल टनेलचे फोटो आले, स्वतःची गाडी घेऊन जा असंही लिहिलं होतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

२३ डिसेंबर २०२४ ला आम्ही तिथेच होतो. पुण्यापासून दोनेक हजार किलोमीटर गाडी चालवत गेलेलो, टनेलपलीकडच्या सिस्सू गावचा बर्फ बघून परत येताना टनेलमधून बाहेर पडलो आणि मनालीच्या वाटेवरच्या सोलंगच्या अलीकडेच सगळं ठप्प झालं. त्या दिवशी हजारेक गाड्या अडकल्या हे नंतर बातम्यांत कळलं, आम्हाला तेव्हा फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत होते. गाडीत सासूबाई आणि दोन मुलं, थंडी अशी की हीटर बंद करवेना, म्हणून इंजिन चालू, काचा घट्ट बंद आणि मुलं गाढ झोपलेली. तेवढ्यात तिथल्याच एका टॅक्सीवाल्याने काच वाजवली आणि म्हणाला, "मॅडम, पहले सायलेन्सर देखो." ह्यांनी उतरून बघितलं तर मागे बर्फ पार बंपरला टेकलेला, हातांनी उकरून काढला.

त्याचा अर्थ मला घरी आल्यावर कळला. पाकिस्तानातल्या मरी या हिल स्टेशनला जानेवारी २०२२ मध्ये असंच झालं होतं, बर्फात गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गेली, त्यातली बरीच बंद गाडीत बसल्या जागी. सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली साचतो आणि आत शिरतो, त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. म्हणून अडकलात तर इंजिन सलग चालू ठेवू नका, तासाला दहा मिनिटं पुरे, दर वेळी आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. अंगावर घालायला ब्लँकेट गाडीतच हवीत, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नकोत.

आपण ताम्हिणी, वरंधा चालवलेला असतो म्हणून वाटतं घाट येतो आपल्याला. पण दुपारी वितळलेलं पाणी सूर्य गेला की डांबरावर काचेसारखं गोठतं आणि रस्ता नुसता ओला दिसतो, तिथे ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. बर्फावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच हळू यायचं, ब्रेकवर नाचायचं नाही आणि पुढच्या गाडीला भरपूर जागा सोडायची. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सांगते, ती चढायला मदत करते, थांबायला नाही. आणि बर्फात पकड यावी म्हणून चाकांना लावतात ती चेन! आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, चेन तिथेच लागते, आमच्या शेजारच्या एमएच पासिंगच्या गाडीने मागे लावलेली आणि ती जागेवरच फिरत होती. चेन लावायची प्रॅक्टिस घरी पार्किंगमध्ये करून जा, तिथे बोटं चालत नाहीत. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलेलं असेल तर निघायच्या आधी बदलून कूलंट भरा, पाणी गोठलं तर इंजिनला तडा जाऊ शकतो.

जास्त बर्फ पडला की मनालीपुढच्या नेहरू कुंडाजवळ पोलीस फोर बाय फोर नसलेल्या साध्या गाड्या अडवतात. तिथे 'एवढ्या लांबून आलोय' म्हणत वाद घालणारे आपलेच लोक बघून फार वाईट वाटलं. पोलिसांनी थांबवलं तर थांबा हो, गाडी लावा आणि चेनवाल्या लोकल टॅक्सीने जा.

ही माहिती कृपया ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छापा, ख्रिसमसच्या सुट्टीचं बुकिंग लोक तेव्हाच करतात.

आपली नियमित वाचक,
चिंचवड

ता.क. रात्री हॉटेलवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून जाम होतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा आणि वायपर उभे करून ठेवायचे. सकाळी काचेवर गरम पाणी तर अजिबात ओतू नका, काच तडकते.