डॉकच्या नावावरचा डाग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मित्र डॉक हॉलिडेला खुनाच्या संशयातून सोडवण्यासाठी अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या वायट अर्पने बदमाशांच्याच साथीदाराशी गुप्त सौदा केला, मग तो कसला कायद्याचा माणूस, हा तुझा प्रश्न दोन दिवस माझ्या मनातून जात नाही. तू वकील आहेस, तेव्हा हा प्रश्न तुला पडणारच. पण घडले ते क्रमाने पाहा.

१५ मार्च १८८१ च्या रात्री ॲरिझोनात, टूमस्टोनहून बेन्सनकडे निघालेल्या प्रवासी घोडागाडीवर हल्ला झाला आणि गाडीवान बड फिलपॉट व टपावरचा प्रवासी पीटर रोरिग ठार झाले. पाठलागाच्या पथकात वायट होता. पकडलेल्या ल्यूथर किंगने लेनर्ड, हेड आणि क्रेन अशी तीन नावे सांगितली आणि पुढे तो कोठडीतून पळाला. त्या नावांत डॉक नव्हता. परंतु लेनर्ड त्याच्या जुन्या ओळखीचा, आणि डॉक स्वतः क्षयाने पोखरलेला, जुगारावर जगणारा, तापट दंतवैद्य. तोही त्या हल्ल्यात होता, ही अशा माणसाविषयीची कुजबुज खरी मानायला गावाला पुरावा लागत नाही.

जूनमध्ये वायटने त्या तिघांचा साथीदार आइक क्लँटन याला गाठले: तिघे माझ्या हाती दे, वेल्स फार्गो या टपाल-मालवाहतूक कंपनीचे ३,६०० डॉलरचे इनाम तू घे, श्रेय मला राहू दे. शेरीफच्या निवडणुकीसाठी ते श्रेय हवे होते, हे वायटने पुढे न्यायालयात स्वतःच सांगितले. आरोपी मृत सापडले तरी इनाम मिळेल, याचीही तारेने खात्री करून घेतली गेली. इथे मला तुझे म्हणणे मान्य करावे लागते, कारण मेलेला लेनर्ड डॉकच्या बाजूने साक्ष देणार नव्हता. शेवटी लेनर्ड व हेड त्याच महिन्यात न्यू मेक्सिकोत मारले गेले, ऑगस्टमध्ये क्रेनही गेला, आणि सौदा तिथेच विरला.

मला वायट खरा दिसतो तो जुलैत. डॉकशी कडाक्याचे भांडण झालेल्या त्याच्या सोबतिणीने, केटने, दारूच्या अमलाखाली तो त्या हल्ल्यात होता अशा प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि शेरीफ बीहनने डॉकला अटक केली. वायटने इतरांसह ५,००० डॉलरचा जामीन भरला. हल्ल्याच्या रात्री डॉक कुठे होता हे सांगणारे साक्षीदार पुढे आले. शुद्धीवर आलेल्या केटने शब्द मागे घेतला. पुरावाच नाही, असे सरकारी वकिलानेच सांगितले आणि ९ जुलैला न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी आरोप फेटाळला. यात बंदूक कुठेच नाही, आणि म्हणूनच या भागाविषयी मला एवढा आदर वाटतो.

तरीही डाग गेला नाही. ऑक्टोबरमध्ये टूमस्टोनला अर्प बंधू व डॉक यांची क्लँटनच्या साथीदारांशी गोळीबाराची चकमक झाली; तिच्यानंतरच्या सुनावणीत त्याच क्लँटनने, फिलपॉटला मीच मारले असे डॉक मला म्हणाला होता, अशी साक्ष दिली. त्याच सुनावणीत वायटने आपल्या मैत्रीचे कारण सांगितले: कॅन्ससमधल्या डॉज सिटीत गुंडांनी घेरले असताना डॉकने त्याचा जीव वाचवला होता.

डॉक १८८७ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कोलोरॅडोत क्षयाने गेला. त्यानंतर नऊ वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रात वायटच्या नावाने आठवणी छापून आल्या, आणि त्यांतही डॉकचा उल्लेख एकनिष्ठ मित्र असाच आहे.

तुझा स्नेहांकित